पास देणाऱ्याचं मोल किती?

या वेळी आपण वाद घालू या. भांडण नव्हे हं, वाद! भांडणात आवाज लागतो, वादात पुरावा लागतो. म्हणून वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा. थोडी बेरीज-वजाबाकीही करावी लागेल.

वादाचा विषय असा. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाने टायरीस हॅलीबर्टन नावाचा आपला एकवीस वर्षांचा खेळाडू इंडियाना पेसर्स या दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बदल्यात डोमांटास सबोनिस नावाचा उंचापुरा खेळाडू घेतला. हा शहाणपणा होता की घोडचूक? सॅक्रामेंटोच्या गल्लीबोळात यावर अजून डोकेफोड चालते.

"तिकडच्या संघांचं आपल्याला काय?" असं घरातलं कुणीतरी पेपरातून डोकं वर काढून विचारणारच. त्यांना सांगा, की भारतात एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या त्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेतल्या संघांचे, सामने पहिल्यांदा झाले ते मुंबईत, वरळीच्या एनएससीआय संकुलात, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी. आणि कोणते संघ आले होते माहीत आहे? हेच दोन! सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिल्या सामन्याला तर प्रेक्षक म्हणून शाळेतली तीन हजारांवर मुलं बसली होती. काय त्यांचं नशीब! तो सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. शिवाय किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. २०१३ साली त्यांनी हा संघ घेतला. तेव्हा, अगदीच परक्या घरचा वाद नाही हा.

आता आधी पॉइंट गार्ड म्हणजे काय ते पाहू. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल (पण जाऊ नका).

बास्केटबॉलमध्ये एका वेळी एका संघाचे पाच जण मैदानात असतात. सेंटर म्हणजे बहुधा सर्वांत उंच खेळाडू, बास्केटजवळ उभा. आणि पॉइंट गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका. तो चेंडू आपटत आपटत पुढे आणतो आणि कुणाला द्यायचा ते ठरवतो. लग्नाच्या पंगतीत एक जाणता माणूस असतो बघा. त्याच्या स्वतःच्या हातात कधी कधी पळीसुद्धा नसते. पण कुठल्या पानावरचा भात संपलाय, कुठे वरण हवंय, कोण लाजून मागत नाहीये, सगळं त्याला दिसतं. "अरे, त्या कोपऱ्यात जिलबी ने!" असं तो म्हणतो आणि जिलबी बरोबर वेळेवर पोचते. पॉइंट गार्ड म्हणजे हा माणूस. फरक इतकाच, की समोरचा संघ त्याच्या हातातली जिलबी पळवायला टपलेला असतो.

त्याच्या कामाची दोन मापं आहेत. त्याने पास दिला आणि घेणाऱ्याने लगेच बास्केट केली, तर त्याच्या नावावर एक 'असिस्ट' लागतो. आणि त्याच्या हातून चेंडू समोरच्या संघाकडे गेला, तर एक 'टर्नओव्हर', म्हणजे सोप्या भाषेत चेंडू घालवला. असिस्ट भरपूर आणि घालवलेले चेंडू थोडे, तो चांगला पॉइंट गार्ड. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

किंग्जची अडचण आता ऐका. हा संघ २००६ नंतर एकदाही प्ले-ऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोचला नव्हता. वर्षामागून वर्षं जात होती. आणि त्यांच्याकडे पॉइंट गार्ड मात्र एक सोडून दोन! पहिला डीॲरन फॉक्स, डावखुरा, वाऱ्यासारखा पळणारा, स्वतः बास्केट करण्यात पटाईत. दुसरा आपला हॅलीबर्टन, २०२० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत बाराव्या क्रमांकावर घेतलेला. (याचा वाढदिवस २९ फेब्रुवारी बरं का! जन्म २००० सालचा. किती वाढदिवस झाले ते मोजा.) दोघंही गुणी, दोघांनाही चेंडू हातात हवा, आणि चेंडू तर एकच. २०२१-२२ च्या मोसमात फॉक्स सामन्याला सरासरी २३.२ गुण करत होता. हॅलीबर्टन किंग्जकडे असेपर्यंत १४.३ गुण आणि ७.४ असिस्ट. संघात कमतरता होती ती बास्केटजवळच्या भक्कम माणसाची.

तो भक्कम माणूस म्हणजे सबोनिस. लिथुआनियाच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू. त्याचे वडील आर्विदास हेही जगभर नावाजलेले सेंटर होते. त्या वेळी पेसर्सकडे तो सामन्याला १८.९ गुण आणि १२.१ रिबाउंड मिळवत होता. रिबाउंड म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू पकडणं.

मग सौदा ठरला. अमेरिकेत आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो. पण आयपीएलमध्ये २०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे गेले आणि संजू सॅमसन चेन्नईकडे आला, तशी सरळ अदलाबदल तिथे नेहमी चालते. तिला 'ट्रेड' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचे पगारही साधारण जुळावे लागतात, म्हणून पारड्यात आणखी माणसं टाकतात. हॅलीबर्टनबरोबर बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन गेले. सबोनिसबरोबर जस्टिन हॉलिडे आणि जेरेमी लॅम्ब आले, शिवाय पुढच्या वर्षीच्या निवडीत दुसऱ्या फेरीत एक नवा खेळाडू घेण्याचा हक्क. वाण्याच्या दुकानात वजन जुळवायला शेवटी दोन शेंगदाणे टाकतात ना, तसंच जवळजवळ.

हा सगळा व्यवहार मी आमच्या वर्गात फळ्यावर मांडला होता. दोन बाजूंना नावं, मध्ये बाण. वाद जोरात चालला होता, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, पण त्याला कुणी विचारलं का?"

वर्ग एकदम गप्प! प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं, की नाही विचारलं. विचारावं लागतच नाही. काही मोजक्या खेळाडूंच्या करारात 'माझ्या संमतीशिवाय नाही' अशी अट असते, बाकीच्यांना सामान बांधावं लागतं. हॅलीबर्टनला सॅक्रामेंटो आवडत होतं, तिथेच राहून संघाला वर काढायचं होतं आणि या बातमीने त्याला वाईट वाटलं, हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. "पगार कोटींत आहे, मग रडायचं काय?" असं एक मुलगा म्हणाला. त्यावर त्या मुलीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. असो. ज्यांच्या बाबांची किंवा आईची बदली होते, त्यांना तिचं म्हणणं जास्त पटेल.

पुन्हा हिशेबाकडे. एनबीएत प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळतो. अदलाबदल झाली त्या २०२१-२२ च्या मोसमात किंग्जनी ३० सामने जिंकले होते, पेसर्सने २५. पुढच्या मोसमात, २०२२-२३ मध्ये, काय झालं? किंग्ज ४८, पेसर्स ३५. म्हणजे किंग्जनी एकदम अठरा विजयांची उडी मारली! सोळा मोसमांचा दुष्काळ संपला. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघाच्या वाट्याला आला नव्हता. त्या वर्षी सॅक्रामेंटोत सामना जिंकला, की स्टेडियमवरून जांभळ्या प्रकाशाचा झोत थेट आभाळात सोडत. अख्ख्या गावाला घरबसल्या कळायचं, की आपण जिंकलो! पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून सातव्या सामन्यात हरले ते सोडा, पण गाव नाचलं.

आता तुम्ही म्हणाल, पॉइंट गार्ड दिला आणि संघ सुधारला, म्हणजे पॉइंट गार्डचं काही महत्त्वच नाही. थांबा. इथेच खरी गंमत आहे. त्या मोसमात सबोनिसची सरासरी पाहा. १९.१ गुण, १२.३ रिबाउंड आणि ७.३ असिस्ट! सेंटरच्या नावावर सात असिस्ट? हो. तो बास्केटपासून थोडा बाहेर येऊन चेंडू हातात धरून उभा राहायचा. बाकीचे चौघं त्याच्याभोवती इकडून तिकडे पळायचे आणि जो मोकळा होईल त्याच्या हातात तो चेंडू ठेवायचा. पंगतीतला जाणता माणूस गेला नव्हताच. फक्त तो आता सगळ्यांत उंच होता. किंग्जनी एक पास देणारा दिला तो दुसरा पास देणारा घेऊनच, असं माझं म्हणणं. पाठ्यपुस्तकात लिहिलेली जागा आणि प्रत्यक्ष केलेलं काम यांत असा फरक पडतो. आमच्या शाळेची घंटा वेळेवर होते का याकडे शिपाईकाकांचं लक्ष असतं, तितकं दुसऱ्या कुणाचंही नसतं. फलकावर मात्र त्यांचं नाव सगळ्यांत खाली.

तर २०२३ च्या उन्हाळ्यात वाद घातला असता, तर 'किंग्जचं बरोबर' ही बाजू सहज जिंकली असती. पण वहीत पुढचे आकडे लिहा. २०२३-२४ मध्ये किंग्ज ४६, पेसर्स ४७. २०२४-२५ मध्ये किंग्ज ४०, पेसर्स ५०.

एक रेघ वर गेली आणि उतरणीला लागली. दुसरी हळूहळू चढत राहिली. ती दुसरी रेघ हॅलीबर्टनच्या संघाची. २०२३-२४ मध्ये त्याचे सामन्यामागे १०.९ असिस्ट होते, साऱ्या एनबीएत सर्वांत जास्त. पेसर्स त्याच्यामुळे पळत खेळू लागले. चेंडू हातात फार वेळ ठेवायचाच नाही. आला की दे, दिला की पळ. त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांना ठाऊक असतं, की आपण मोकळे झालो तर चेंडू येणारच. म्हणून ते पळायचा कंटाळा करत नाहीत. हे आकड्यांत कुठे लिहायचं? चेंडू कधीच येत नाही असं कळल्यावर मैदानात नुसतं उभं राहणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. कदाचित तुम्हीच असाल.

तरीही गंमत पाहा. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'द ॲथलेटिक'ने एनबीएच्या खेळाडूंचं मत निनावी घेतलं. प्रश्न होता, कुणाचा उगाच उदोउदो होतो? सर्वांत जास्त मतं हॅलीबर्टनला! म्हणजे त्याच्याविरुद्ध रोज खेळणाऱ्यांनाही वाटत होतं, की याचं मोल फुगवलेलं आहे. का वाटलं असेल? त्या मोसमात त्याचे गुण सरासरी १८.६. मोठ्या नावाच्या खेळाडूंचे पंचवीस-तीस असतात. शिवाय त्याची नेम धरण्याची पद्धतही जरा वेडीवाकडी, छातीपाशून ढकलल्यासारखी. पण त्याच मोसमात त्याचे असिस्ट होते सामन्याला ९.२ आणि घालवलेले चेंडू फक्त १.६. भागाकार करा बरं. पाचाहून जास्त असिस्ट दिल्यावर कुठे एकदा चेंडू जायचा.

मग मे महिना आला. २७ मे २०२५, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पूर्व विभागाच्या अंतिम फेरीतला चौथा सामना. हॅलीबर्टनचे ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड, आणि घालवलेले चेंडू शून्य. शून्य! परीक्षेत सगळे पेपर लिहिले आणि एकही खाडाखोड नाही, असं समजा. प्ले-ऑफच्या नोंदींत असा सामना त्याआधी कुणाचाही नाही. पेसर्स अंतिम फेरीत गेले, २००० सालानंतर पहिल्यांदा. तिथे ५ जून रोजी ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात पेसर्स जवळजवळ संपूर्ण वेळ मागे होते. घड्याळात ०.३ सेकंद उरले असताना हॅलीबर्टनने चेंडू टाकला, आणि १११-११० ने जिंकले. संपूर्ण सामन्यात त्यांची आघाडी होती ती एवढीच, सेकंदाच्या तीन दशांश भागाची.

हा शेवटचा चेंडू त्याने कुणाला दिला नाही बरं का, स्वतः टाकला. पास कधी द्यायचा नाही हेही त्यालाच ठरवायचं असतं.

आता किंग्जच्या बाजूने शेवटचे दोन मुद्दे, कारण वकिलाला दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत. एक म्हणजे, खेळाडू पुढे कसा होईल हे फेब्रुवारी २०२२ मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. निकाल लागल्यावर गणित सोपं होतं म्हणणारे पुष्कळ असतात. दुसरा मुद्दा दुःखाचा आहे. २२ जून २०२५ रोजी, अंतिम फेरीच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, पहिल्याच भागात तीन लांबचे चेंडू बास्केटमध्ये टाकून हॅलीबर्टन जोरात होता. आणि तो कोसळला. टाचेच्या वर मागच्या बाजूला हाताला लागते ना, ती जाड दोरीसारखी पट्टी तुटली. आधीच्या एका सामन्यापासून त्याची पोटरी दुखावलेली होतीच, तरी तो खेळत होता. पेसर्स तो सामना ९१-१०३ असा हरले. पुढचा सगळा २०२५-२६ चा मोसम त्याला बाहेर बसावं लागलं. शरीराच्या जिवावर चालणाऱ्या व्यवहारात हा धोका दोन्ही पारड्यांत असतो.

पण त्याच मोसमाने वादात एक पुरावाही टाकला. २०२६ च्या जानेवारीत पेसर्स पूर्व विभागाच्या तक्त्यात तळाला होते. आदल्या जूनमध्ये विजेतेपदापासून एका सामन्यावर असलेला संघ! एकटा हॅलीबर्टन नव्हता म्हणूनच असं झालं, असं मी म्हणणार नाही. माइल्स टर्नर हा त्यांचा जुना सेंटर संघ सोडून गेला होता, आणखी काही जण जखमी होते. तरी पंगतीतून तो एक माणूस उठून गेला की कसा गोंधळ होतो, ते दिसलंच.

आणि किंग्जच्या विरुद्ध सर्वांत टोचणारा मुद्दा कोणता? ज्या फॉक्ससाठी जागा मोकळी करायला हॅलीबर्टनला पाठवलं, तो फॉक्सही फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला. तीन वर्षांत दोन्ही पॉइंट गार्ड गेले.

माझं मत विचाराल, तर अदलाबदल मूर्खपणाची नव्हती. ४८ विजय आणि आभाळातला तो जांभळा झोत खोटा नव्हता, आणि सोळा मोसम वाट पाहिलेल्या गावाला तो हवाच होता. पण दोघांपैकी एकाला द्यायचं होतं तर मी फॉक्सला दिलं असतं. जास्त गुण करणारा पुन्हा मिळतो. एकविसाव्या वर्षी सात असिस्ट देणारा आणि चेंडू न घालवणारा पोरगा फार क्वचित हाती लागतो. आमच्या वर्गात मतदान झालं तेव्हा बहुमत माझ्याविरुद्ध गेलं, हेही सांगून टाकते. मुलांना फॉक्सचा वेग आवडला.

पालकांसाठी एक ओळ. शाळेच्या संघाच्या निवडीच्या दिवशी "किती बास्केट केल्यास?" एवढाच प्रश्न घरी विचारला जातो. त्यामुळे निवडीच्या दिवशी एकही पोर पास देत नाही! दहा पोरं दहा दिशांनी बास्केटकडे धावतात, आणि निवडणाऱ्या शिक्षकांना पॉइंट गार्ड सापडतच नाही. जरा दुसराही प्रश्न विचारून पाहा.

आता तुमचं काम. शाळेत किंवा मैदानात पुढचा सामना होईल (बास्केटबॉल नसेल तर हँडबॉल किंवा फुटबॉलही चालेल), तेव्हा एकाने बाहेर बसून वहीत प्रत्येक खेळाडूपुढे चार रकाने आखायचे. पहिला, केलेले बास्केट. दुसरा, असिस्ट. तिसरा, घालवलेले चेंडू. चौथा रकाना मोठ्या स्पर्धांच्या रोजच्या धावफलकातही नसतो. असिस्ट ज्याच्या पासवर झाला, त्याला चेंडू कुणी दिला होता? म्हणजे पासच्या आधीचा पास. हा चौथा रकाना भरायला सर्वांत अवघड, कारण टाळ्या वाजेपर्यंत तो कुणी दिला होता ते आपण विसरून गेलेले असतो. म्हणून नोंद करणाऱ्याने चेंडूकडे पाहायचं, बास्केटकडे नाही. पाच सामन्यांच्या नोंदी झाल्या, की चौथ्या रकान्यात कुणाचं नाव वर आलं आणि तुमची आधीची अटकळ काय होती, ते मला कळवा. आणि हो, फॉक्स की हॅलीबर्टन, हेही लिहा. कारण दिलेलं नसेल तर मत मोजलं जाणार नाही.